द्राक्षांच्या गावी जहाजबांधणी

पिंपळगाव बसवंत म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती द्राक्षे, कांदा-टोमॅटोचे लिलाव आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून अहोरात्र धावणारे मालट्रक. मुंबईचा समुद्र येथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर. अशा गावात कोणी घरी बसून जहाज बांधतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते आता माझ्या चांगल्या ओळखीचे झाले आहे. त्या हसण्यामागोमाग ‘कशाला?’ हा प्रश्न येतोच. त्याचे सरळ उत्तर देणे अवघड आहे. मात्र ‘कसे?’ या प्रश्नाचे उत्तर देता येते आणि ते देता देता पहिल्याचेही थोडेबहुत उत्तर मिळून जाते, असा अनुभव आहे.

जुन्या शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती तयार करण्यासाठी परदेशी कंपन्यांचे संच मिळतात. ‘किट’ याच नावाने ते सर्वत्र ओळखले जातात. प्लॅस्टिकच्या किटशी त्यांची गल्लत करू नये. प्लॅस्टिकच्या किटमध्ये जहाजाचे अंग साच्यातून तयार होऊनच आलेले असते; आपण ते चिकटवायचे आणि रंगवायचे. लाकडी किटचे खोके उघडल्यावर मात्र प्रथम निराशाच पदरी पडते. आत जहाजासारखे दिसणारे काहीच नसते. लेसरने आकार कापलेले प्लायवूडचे तक्ते, मऊ पांढऱ्या लाकडाच्या आणि अक्रोडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, पितळी तोफा, वाटाण्याहून लहान कप्प्या, काळ्या आणि बदामी दोऱ्याची रिळे, आणि या सर्वांच्या तळाशी घडी घातलेले मोठमोठे नकाशे. किट विकणाऱ्याने लाकूड दिलेले असते, जहाज दिलेले नसते.

यातला पहिला आठवडा हात न लावता घालवावा, असे माझे मत झाले आहे. नकाशे भिंतीवर लावावेत, प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि प्रमाण डोक्यात मुरवून घ्यावे. समजा प्रतिकृती १:६४ या प्रमाणात आहे. म्हणजे सहा फुटी खलाशी तेथे जेमतेम २९ मिलिमीटरचा होणार. हा बारका खलाशी पुढे फार उपयोगी पडतो. आपण केलेला जिना त्याला चढता येईल का, कठडा त्याच्या कमरेला येतो की गळ्याला, तोफेच्या मागे त्याला उभे राहायला जागा आहे का, हे पाहत गेले की नवशिक्याच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

बांधणीला आरंभ होतो तो कण्यापासून. जहाजाच्या तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारा हा सर्वांत महत्त्वाचा वासा. कोकणात याला पठाण म्हणतात. किटमध्ये तो प्लायवूडचा असतो आणि त्यात ठरावीक अंतरावर खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक आडवी चौकट उभी बसवायची. या चौकटी म्हणजे जहाजाच्या फासळ्याच. कणा एखाद्या मिलिमीटरने जरी वाकडा असला तरी पुढचे सारे जहाज पिळवटलेले निघते. आणि दूरवरून प्रवास करून आलेले प्लायवूड आपल्या कोरड्या हवेत वाकडे होतेच. मग ते किंचित ओले करून दोन काचांमध्ये रात्रभर वजनाखाली दाबून ठेवावे लागते. चौकट कण्याशी काटकोनात आहे की नाही, हे सुताराच्या गुण्याने तपासायचे आणि मगच फेव्हिकॉल लावायचे. येथे घाई करणाऱ्याला पुढे कोणीही वाचवू शकत नाही.

चौकटी बसल्या की कानस घेऊन त्यांच्या कडा तासायच्या. जहाज मध्यभागी रुंद आणि टोकांना निमुळते असल्याने फळी प्रत्येक चौकटीवर वेगळ्या कोनात टेकते. कडा चौकोनी ठेवल्या तर फळी केवळ कोपऱ्यावर टेकेल आणि चिकटणार नाही. एक लवचीक पट्टी नाळेपासून मागपर्यंत ओणवून पाहायची. ती कुठे उचलली जाते, कुठे खोल बसते ते पाहायचे, पुन्हा तासायचे, पुन्हा पाहायचे. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण बोटांना जहाजाचा आकार कळू लागतो तो येथेच.

यानंतर येते ते फळ्या चढवण्याचे काम. बहुतेकांची अर्धी सोडलेली जहाजे येथेच माळ्यावर जातात. माझेही गेले असते.

माझे पहिले जहाज दोन डोलकाठ्यांचे, साधेसे होते. पट्ट्या सगळ्या सारख्या रुंदीच्या आल्या होत्या, तेव्हा त्या तशाच एकापुढे एक चिकटवत जायच्या, असा माझा समज. चार-पाच पट्ट्यांपर्यंत सारे सुरळीत चालले. पुढे नाळेपाशी पट्ट्या एकमेकींवर चढू लागल्या, मागच्या बाजूला त्यांच्यात फटी पडू लागल्या. मी त्या दाबून, टाचण्या ठोकून बसवल्या. सकाळी पाहतो तर तीन पट्ट्या सुटून उभ्या राहिलेल्या. गावातले एक वयस्क सुतार मिस्तरी दुसऱ्याच कामासाठी घरी आले होते. त्यांनी आयुष्यात जहाज बांधले नव्हते. पण टेबलाकडे एकदा पाहून ते म्हणाले, ‘‘भाऊ, लाकूड जाडीत वाकतं, रुंदीत वाकत नाही. तुम्ही त्याला रुंदीत ओढताय. ते रात्रीतून आपल्या जागी जाणारच.’’ दोन महिन्यांचे काम मी त्या दिवशी गरम पाण्याच्या फडक्याने सैल करून उतरवले.

मिस्तरींच्या त्या वाक्यात फळ्यांचे सारे गणित आहे. जहाजाच्या मधल्या चौकटीवर डेकपासून कण्यापर्यंत दोऱ्याने माप घ्यावे. समजा ते १०० मिलिमीटर भरले. पट्टी ५ मिलिमीटर रुंद असेल तर तेथे २० पट्ट्या बसतील. आता तेच माप नाळेपाशी घ्यावे. तेथे ते ६० मिलिमीटर भरले, तर त्याच २० पट्ट्यांना ६० मिलिमीटरमध्ये सामावायचे आहे. म्हणजे प्रत्येक पट्टी मध्ये ५ आणि टोकाला ३ मिलिमीटर हवी. शिंपी परकराला कळ्या लावतो तेव्हा तो हेच करतो: घेराकडे रुंद, कमरेकडे निमुळते. तेव्हा प्रत्येक पट्टी चिकटवण्याआधी रंध्याने निमुळती करून घ्यायची, गरम पाण्यात भिजवायची, उष्णता देऊन नाळेचे वळण तिच्यात आणायचे आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून वाळू द्यायची. वाळलेली पट्टी हाताच्या बळाविना आपल्या जागी टेकली, तरच ती योग्य. निमुळती करताना मूळ रुंदीच्या निम्म्याखाली मात्र जाऊ नये. तशी वेळ आली तर एक पट्टी मध्येच संपवून पुढची रुंद घ्यावी. मागच्या बाजूला उलट प्रकार असतो. तेथे जागा वाढते, म्हणून पाचरीसारखे तुकडे घालावे लागतात. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे, हा नेम मोडू नये. एकाच अंगाला सगळ्या लावत गेल्यास त्यांच्या ओढीने कणाच वाकतो.

बऱ्याच किटमध्ये असा पट्ट्यांचा पहिला थर मऊ लाकडाचा असतो, तो काचकागदाने घासून गुळगुळीत केला की वर अक्रोडाचा पातळ दुसरा थर चढतो. येथे एक शंका हमखास विचारली जाते. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या बाजूला उत्तम साग असताना अक्रोड कशाला? खऱ्या जहाजाला सागासारखे लाकूड नाही, हे निर्विवाद. त्यातले तेल पाण्याला आणि किडीला दाद देत नाही. पण प्रतिकृतीत नियम बदलतात. सागाचे रेषे भरड आणि छिद्रे मोठी. १:६४ च्या जहाजावर सागाचे एखादे छिद्र म्हणजे माणसाचे बोट जाईल एवढे भोक दिसते. म्हणून बारीक रेषांचे, घट्ट पोताचे लाकूड शोधावे लागते. आपल्याकडचा बांबू मात्र खिळ्यांसाठी उत्कृष्ट. पोलादी पट्टीला लहान लहान होत जाणारी भोके पाडून त्यांतून बांबूची काडी ओढत गेले की अर्ध्या मिलिमीटरची सुरेख खुंटी तयार होते.

डेकच्या फळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. खऱ्या डेकवर फळ्यांच्या फटींत दोराचा काथ्या ठोकून वर डांबर ओतत, त्याची काळी रेघ दिसे. प्रतिकृतीत पट्टीच्या कडेला पेन्सिल फिरवली की काम भागते. आणि जहाजभर लांब अशी एकच पट्टी कधी लावू नये. खऱ्या फळ्या साधारण २० ते २४ फुटांच्या असत. म्हणजे आपल्याकडे १० ते ११ सेंटिमीटर. तेवढ्या तुकड्यांत कापून सांधे पुढे-मागे सोडले की डेक एकदम खरा वाटू लागतो.

दोरकाम हा शेवटचा टप्पा. डोलकाठीला जागच्या जागी धरणारे दोर डांबरात बुडवलेले असत, म्हणून ते काळे. शिडे आणि परभाणे हलवणारे दोर रोज हाताळले जात, म्हणून ते बदामी. किटमधली दोन रंगांची रिळे याचसाठी. आतून बाहेर आणि खालून वर असा क्रम ठेवावा, नाहीतर शेवटी चिमटाही आत शिरत नाही. काळे दोर ताणताना द्राक्षबागेचा अनुभव कामी येतो. मांडवाच्या तारा एकाच बाजूने ओढल्या तर कडेचा खांब आत झुकतो, हे येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. डोलकाठीचेही तसेच. उजवीकडची एक जोडी, मग डावीकडची एक जोडी, असे करत पुढून मागे जायचे. या दोरांवर खलाशांना चढण्यासाठी आडव्या पायऱ्या बांधलेल्या असत, दोन पायऱ्यांत १३ ते १५ इंचांचे अंतर. आपल्या प्रमाणात ते पाच-सहा मिलिमीटर होते आणि प्रत्येक आडव्या दोरीला प्रत्येक उभ्या दोरावर एक गाठ. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर अशा शेकडो गाठी. दोरा आधी मेणावरून ओढून घ्यावा. त्याची लव बसते. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो आणि बारीक डोलकाठी वाकवतो, तेव्हा आपल्या हवेत पॉलिस्टर बरा. पुरे झालेले जहाज काचेच्या पेटीतच ठेवावे. धूळ एक वेळ झटकता येईल, पण भुंगा लागला की त्याला इतिहासाची चाड नसते.

आता ‘कशाला?’ या प्रश्नाकडे येतो.

किटची यादी चाळली की तीच ती नावे दिसतात: नेल्सनची ‘व्हिक्टरी’, बंडासाठी गाजलेले ‘बाउंटी’, चहा वाहणारी ‘कटी सार्क’, कोलंबसची ‘सांता मारिया’ आणि अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’. यातली शेवटची युद्धनौका जगभरच्या छांदिष्टांची फार लाडकी. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिने हिंदुस्थानकडे निघालेल्या ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. ‘जावा’वर एक वेगळाच ऐवज होता. मुंबईच्या गोदीत बांधायच्या एका नव्या फ्रिगेटचे आराखडे. तेही ‘जावा’बरोबर गेले. लंडनहून दुसरा संच पाठवावा लागला आणि तो हाती आल्यावर जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी १८१६ मध्ये कण्याचे काम सुरू केले. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी सुमारे १५० फूट लांबीची ती सागवानी युद्धनौका मुंबईच्या पाण्यात उतरली. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तरंगत्या स्थितीतले ते सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज. ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी खरी, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे.

‘त्रिंकोमाली’ची गोष्ट मी येथे सांगितली ती केवळ अभिमानापोटी नव्हे. एका जहाजाचे कागद समुद्रात गेले तरी त्यांची प्रत दुसरीकडे होती, म्हणून जहाज झाले. आणि ते कागद आजही जपलेले असल्याने, हवे तेव्हा कोणालाही त्या जहाजाची प्रतिकृती अचूक करता येते. ब्रिटिश नौदलाने आपल्या जहाजांचे आराखडे हजारोंनी जपून ठेवले. याउलट आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या काळातली एकही गुराब कागदावर नाही. कागदाची गरजच नव्हती. प्रमाणे कारागिराच्या डोळ्यांत आणि वाकसाच्या घावात होती, बापाकडून मुलाकडे जात होती. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आजही पाहायला मिळते. तिच्यात शिरणाऱ्या जहाजाचा आकार मात्र आपल्याला अंदाजानेच ठरवावा लागतो.

यात आणखी एक मेख आहे. किटमध्ये आधी फासळ्या आणि मग फळ्या, हा जो क्रम आपण पाहिला, तो युरोपीय पद्धतीचा. हिंदी महासागरातल्या जुन्या पद्धतीत बरेचदा फळ्या आधी एकमेकींना जोडत, जहाजाचे कवच तयार होई आणि फासळ्या त्यात मागाहून बसत. म्हणजे गुराबेचे किट उद्या निघाले आणि ते नेहमीच्या साच्यातले असले, तर बाहेरून गुराब दिसेल. पण बांधणारा तिच्या बांधणीविषयी नेमकी उलटी गोष्ट शिकेल.

कागद नाहीत म्हणून हात बांधून बसावे, असेही नाही. ‘सांता मारिया’चा एकही समकालीन आराखडा उपलब्ध नाही. तरी तिची किट दुकानोदुकानी मिळतात, कारण कोणी तरी बसून अभ्यास केला, अंदाज बांधले आणि ते कागदावर आणले. आपल्याकडेही अलीकडे असा एक प्रयत्न झाला, तोही पूर्ण आकाराचा. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. पाचव्या शतकातल्या त्या जहाजाची पुनर्बांधणी करण्यासाठी २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. चित्र सपाट, त्यात तळ दिसत नाही, फासळ्या दिसत नाहीत, मापे तर नाहीतच. नौदलाच्या आरेखकांनी चित्रावरून आकार काढला, मद्रास आयआयटीत त्याची प्रतिकृती पाण्यात ओढून चाचण्या घेतल्या आणि मग बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवून १९.६ मीटर लांबीचे जहाज उभे केले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आले आणि २०२५च्या डिसेंबरअखेरीस पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. तेथे प्रतिकृती आधी आली, जहाज नंतर. कागदावरच्या अंदाजातली चूक समुद्रात कळण्यापेक्षा प्रयोगशाळेच्या हौदात कळलेली केव्हाही बरी.

हे वाचले आणि माझ्याही डोक्यात गुराबेने घर केले. आधार म्हणून हाताशी होते ते रॉबर्ट ओर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराचे वर्णन. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, मोठीला तीन. दोन डोलकाठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीनची तीनशेपर्यंत. नाळ पुढे लांब निघालेली, तिच्यावरचा डेक मुख्य डेकच्या पातळीत, पण त्याला कठडे नाहीत. समोरून आलेली लाट वरून वाहून जावी म्हणून. नाळेच्या मागे आडवी भिंत, त्या भिंतीत दोन झरोके आणि त्यांतून नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. एवढे वाचून जहाज डोळ्यांपुढे उभे राहते. कानस हातात घेतली की मात्र कळते, नाळ किती लांब हे ओर्मसाहेबांनी सांगितलेले नाही. तिचे टोक वर उचललेले की सरळ, तेही नाही.

तेव्हा लाकडाला हात न लावता मी आधी पुठ्ठ्याच्या नाळी कापल्या. पहिलीचे टोक चित्रांत शोभते तसे वर उचलले, ती फार डौलदार झाली. त्या २९ मिलिमीटरच्या खलाशाला झरोक्यामागे उभे केले आणि तोफेच्या नळीच्या रेषेत सुई धरली. सुई थेट नाळेच्या टोकात रुतली. म्हणजे माझ्या गुराबेने आपलीच नाळ उडवली असती. दुसरी सरळ केली, तर झरोके पाण्याच्या फार जवळ आले. तिसरी या दोहोंच्या मधली आहे. सुई तिच्यावरून दोन मिलिमीटर अंतर राखून जाते. पठाण आणि मधल्या सहा चौकटी कापून तयार आहेत. खरड छाटणीची धावपळ आटोपली की तिसऱ्या पुठ्ठ्यावरून नाळ लाकडात उतरवायची आहे.